पात्र नाही

मी फारसा बोलणारा माणूस नाही. हे वाचून आमच्या मंडळीतले लोक हसतील, कारण कित्येक वर्षं उपासनेत सगळ्यांत जास्त माझाच आवाज ऐकू यायचा. पण ते बोलणं माझं नव्हतं. गोऱ्या पाद्री साहेबांचं मराठी मी डोंगरातल्या लोकांना त्यांच्या बोलीत सांगायचो आणि त्यांचं म्हणणं साहेबांना मराठीत. एवढं दुसऱ्यांचं बोलताना स्वतःचं जे बोलायला हवं होतं ते तेवढं राहून गेलं. आता कानशिलं पांढरी झाली आहेत. लिहून टाकतो.

मी मूळचा नंदुरबारजवळच्या रनाळ्याचा. घरात अहिराणी. वडील जंगलखात्यात नोकरीला लागून खापर गावाच्या बाजूला आले, आणि मी डोंगरातल्या पोरांबरोबर गुरांमागे हिंडून त्यांची बोली शिकलो. पुढे तिथल्याच लहानशा शाळेत मास्तर झालो, आणि दोन्हीकडचं बोलता येतं म्हणून साहेबांनी मला दुभाषी केलं. साहेब कुठल्याशा बर्फाच्या देशातले. मराठी पुस्तकातून शिकलेले. ‘पाणी द्या’ म्हणायचं तर ‘जल मिळेल काय’ असं विचारायचे आणि समोरचा बुचकळ्यात पडला की माझ्याकडे बघायचे.

आमचं प्रार्थनेचं घर म्हणजे कुडाच्या भिंती, वर कौलं, खाली चटया. एका बाजूला डोंगरातले लोक, दुसऱ्या बाजूला आम्ही सपाटीवरचे, आणि मधे सरहद्दीपलीकडून आलेलं एक गुजराती बोलणारं कुटुंब, ते ज्या बाजूला सावली असेल तिकडे सरकायचं. गाणं सगळ्यांचं एकच, चालही एकच, पण जो तो आपल्या बोलीत म्हणायचा. आमचं अहिराणी कडवं चटकन संपायचं. डोंगरातल्यांचं लांबायचं. मग आम्ही गप्प बसून त्यांची वाट बघायचो. साहेबांना वाटायचं, ही भक्तीची शांतता आहे. बाजारातला मारवाडी शेट आत यायचा नाही, त्याचा धर्म त्याला होता, पण त्याला पेटी ऐकायची भारी हौस. बाहेर ओट्यावर येऊन बसायचा. शेवटी आम्ही पेटीच उचलून दाराशी ठेवली.

आणि महिन्यातून एकदा प्रभुभोजन. पोळीचा तुकडा आणि एक पितळी पेला. एकाच पेल्याला डोंगरातला, सपाटीचा, गुजराथेतला, असे सगळे ओठ लावायचे. गावात त्याचंच नवल होतं. ज्याच्या घरी आपण पाणी प्यायलो नसतो त्याच्यामागून पेला घेताना सुरुवातीला माझाही हात अडखळायचा. नंतर सवय झाली. त्या पेल्यापायी लोक मंडळीत यायचे असं म्हटलं तरी चालेल.

पेल्यातला द्राक्षारस म्हणजे काय? आमच्याकडे द्राक्षं कोणी पाहिली होती? आणि साहेब दारूचे एवढे वैरी, की आंबट ताकाचाही वास घेऊन बघायचे. म्हणून शेटच्या दुकानातून मनुका आणायच्या, शनिवारी संध्याकाळी उकळायच्या, गाळायच्या. हे काम माझ्याकडे. मनुकांची पुरचुंडी शाळेच्या फडताळात असायची.

आता ऐका. चैत्राचे दिवस होते. पोरांच्या पाट्या तपासताना मी फडताळ उघडून एक मनुका तोंडात टाकायचो. पाढे चुकले की दुसरी. त्या महिन्यात पाढे फार चुकले. शुक्रवारी पाहतो तर पुरचुंडीत देठ. शेटकडे गेलो, तर शेट सहकुटुंब नंदुरबारला लग्नाला, दुकानाला कुलूप, किल्ली शेटच्याच कमरेला.

घरी टोपलीभर वाळवलेला मोह होता. तिळाबरोबर कुटून बायको लाडू करायची. वाळलेलं मोहाचं फूल आणि मनुका शेजारी ठेवली तर दिसायला बहिणी. मी विचार केला, मोह काही दारू नाही, दारू होते ती गाळल्यावर. हे फूलच आहे, देवानेच केलेलं. भिजत घातला. पण घाबरून एक दिवस आधीच घातला, आणि चैत्रातल्या उन्हात तो रविवारपर्यंत मडक्यात काय काय विचार करत होता ते त्यालाच ठाऊक. गाळताना जरा फेस दिसला. तो मी फडक्याने टिपून घेतला.

रविवारी साहेबांनी आधी स्वतः घोट घेतला. त्यांनी जन्मात दारूचा थेंब चाखलेला नव्हता. डोळे मिटले आणि म्हणाले, “आज मनुकांचे माधुर्य विशेष आहे.” पेला पुढे निघाला. सपाटीवरच्या दोघाचौघांनी घोट घेतल्यावर एकमेकांकडे पाहिलं, पण कोणी काही बोललं नाही. उलट पेला देताना त्यांचे हात रेंगाळत होते.

मग पेला आजोबांकडे गेला. आम्ही त्यांना आजोबाच म्हणायचो. डोंगरातले सगळ्यांत वडीलधारे. मंडळीत येण्याआधी मोह गाळण्यात त्यांचा हात धरणारा त्या खोऱ्यात कोणी नव्हता. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आपली मडकी स्वतः फोडली होती, आणि तुकड्यांकडे बघत संध्याकाळपर्यंत बसून राहिले होते. तेव्हापासून थेंब नाही. त्याच महिन्यात साहेब त्यांना मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, नेमणार होते.

आजोबांनी पेला नाकाशी नेला आणि थांबले. पुन्हा वास घेतला. मग पेला सरळ हाताने लांब धरून माझ्याकडे पाहिलं. त्यांची बोली वाचणाऱ्याला कळायची नाही, म्हणून मराठीत लिहितो.

“यात मोह आहे,” ते म्हणाले. “मी सोडलाय. सांग साहेबाला.”

साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. डोंगरातल्यांना कळलं होतं, पण त्यांना साहेबांशी बोलता येत नव्हतं. दोघांमधे रस्ता एकच, आणि तो मी.

मी म्हणालो, “साहेब, ते म्हणतात, मी पात्र नाही.”

साहेबांचे डोळे भरून आले. तेवढ्यात आमच्या बाजूची एक म्हातारी, रनाळ्याकडचीच, माझ्या आईची नात्यातली, कमरेवर हात ठेवून उठली. तिला पुस्तकी मराठी कळायची ती एवढीच. “तो म्हनस, पात्र नही,” तिने सगळ्यांना समजावलं, “मंग द्या ना त्याले एखादं.” आणि स्वतःचा लोटा नेऊन आजोबांच्या पुढ्यात ठेवला.

आजोबांनी लोट्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, पेला पुरेना म्हणून आता लोटाभर देतायत. ते उठून मागच्या चटईवर जाऊन बसले. त्या दिवशी शेवटचं गाणं मात्र असं रंगलं की ओट्यावर शेटचा मुनीम एकटा होता तोही ताल धरायला लागला.

त्यानंतर मी मनुकांना हात लावला नाही. पण आजोबा पुढे आले नाहीत. पेला जवळ आला की तोंड फिरवायचे. साहेबांनी वडील म्हणून दुसऱ्यालाच नेमलं. त्यांची खात्री झाली होती की आजोबांच्या मनात काहीतरी पाप सलतंय. दर प्रार्थनेत ते आजोबांसाठी देवाला वेगळं सांगायचे आणि ते मीच आजोबांना भाषांतर करून सांगायचो, जरा सौम्य करून. आजोबा मान डोलवायचे. मला वाटायचं, ते मनातून मला शिव्या देत असतील. विचारायची छाती झाली नाही. अशी वर्षं गेली. माझी मुलं मोठी झाली, आजोबांची दृष्टी मंदावली, आणि प्रभुभोजनाला मागच्या चटईवर ते एकटेच.

मग साहेबांना मायदेशी बोलावणं आलं. जाण्याच्या आठवड्यात ते मला घेऊन आजोबांच्या झोपडीवर गेले. आजोबा अंगणात खाटेवर होते. साहेब जमिनीवर बसले आणि म्हणाले, “बंधो, मी आता परत येणार नाही. आपल्या हृदयात जे शल्य आहे ते आज मला सांगावे.”

मी ते सांगितलं. आजोबा खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, “मीही हेच विचारणार होतो. साहेबाची परीक्षा संपली की नाही? पेल्यात मोह घालून माझ्यासमोर धरतो. वर्षंच्या वर्षं गेली. मी एकदा तरी प्यालो का? आता जाताना तरी सांग म्हणावं, पास की नापास.”

इतकी वर्षं मी त्यांच्या रागाचं ओझं घेऊन हिंडत होतो, आणि राग होताच कुठे? ते परीक्षा देत होते. मोठ्या अभिमानाने.

या वेळी मी शब्दाला शब्द सांगितला. मग माझं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एकच विचारलं, “आणि मनुका?”

“खाल्ल्या, साहेब.”

“सर्व?”

इथे पुन्हा माझी जीभ घसरली. म्हणालो, बायकोला दिवस गेले होते, तिला डोहाळे लागले होते. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जड वाटतो.

आजोबा विचारत होते, काय चाललंय. त्यांना सांगायचं तर मनुकेला त्यांच्या बोलीत शब्दच नाही. मी म्हणालो, “मोहासारखंच असतं आजोबा, पण शेटच्या दुकानातलं. ते मी खाऊन टाकलं, म्हणून मोह घातला. एकदाच. परीक्षा कोणाचीच नव्हती.”

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. “म्हणजे त्यानंतर पेल्यात मोह नव्हताच?”

“नव्हता.”

“मग मी कोणासाठी तहानेला बसलो?”

साहेब विचारत होते, काय म्हणतात. मी तेही सांगितलं. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

शनिवारी शेटचा माणूस घरी पुडी घेऊन आला. मनुका, चांगल्या टपोऱ्या. साहेबांनी बाईंसाठी पाठवल्यात म्हणे. बायको पुडी उघडून बघतच राहिली. “साहेबले कोनी सांगं, माले मनुका आवडतस म्हनीसन? मी तं कधी चाखी बी नही.” मी गोठ्यात निघून गेलो. परत आलो तेव्हा तिने त्या सगळ्या उकळायला टाकल्या होत्या. उद्या साहेबांचं शेवटचं प्रभुभोजन, तर त्यांचंच त्यांना, असं तिचं म्हणणं. एक सोडून सगळ्या टाकल्या, ती एक तिने तोंडात घातली आणि म्हणाली, गोड आहे. त्या चैत्रात तिला दिवसही गेले नव्हते आणि माझ्या हातून तिला एकही मनुका मिळाली नव्हती. हे ती आता इथेच वाचेल. तिला वाचायला मीच शिकवलं.

रविवारी आजोबा पुढच्या चटईवर बसले, नातवाचा हात धरून. मी सगळ्यांत मागे, त्यांच्या जागी. मला कोणी सांगितलं नव्हतं. पेला आजोबांकडे आला तेव्हा अख्खी मंडळी त्यांच्या नाकाकडे बघत होती. त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. पेला डोळ्यांजवळ नेऊन आत पाहिलं. दाराशी पेटीवाल्याचे हात तसेच राहिले. मग आजोबांनी पेला तोंडाला लावला, आणि तो खाली आलाच नाही. त्यांचा कंठ खालीवर होत राहिला. इतक्या वर्षांचं एकदम.

साहेबांनी पेला परत घेतला, वाकडा करून बघितला, आणि उरलेल्यांकडे तसाच फिरवला. करणार काय? एकेकाने तळाचा ओलावा ओठांना लावला. माझ्यापाशी आला तेव्हा ओलावाही नव्हता. नुसतं ऊन पितळ.

मी तो पेला ओठांना लावून धरला. लोटा देणारी ती म्हातारी आता पार वाकली होती. पुढच्या रांगेतून मान वळवून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “मास्तर, तुन्हं बी त्यानीच पी टाकं.”