गवताच्या मॅडम

"वर काय बघताय? आधी खाली बघा!"

आमच्या कृषी विद्यापीठात कुरणाची गवतं आणि वन्यजीव व्यवस्थापन हा विषय शिकवणाऱ्या मॅडमचं हे ठरलेलं वाक्य. मुलं मोबाईल सरसावून, माना उंच करून काळवीट शोधत असायची आणि मॅडम पदर खोचून माळावर उकिडव्या बसलेल्या. हातात एक काडी. "हा शेंडा बघा, कुरतडलाय. म्हणजे कळप सकाळीच इथं जेवून गेलाय. जनावर काय खातं ते कळलं की जनावर सापडतं." आणि ते सापडायचंही, थोड्या अंतरावरच्या उताराला.

मी शेजारच्याच खोलीत बसायचो. माझा विषय तणनियंत्रण. म्हणजे त्या जे जगवायला शिकवायच्या, त्यातलं निम्मं मी मारायला शिकवायचो. सकाळी व्हरांड्यात भेटलो की विचारायच्या, "काय तणनाशक, आज कुणाच्या जिवावर उठलात?" शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे हसायचे. मीही हसायचो, कारण चहा त्यांच्याच खोलीत चांगला व्हायचा.

मॅडमचं माहेर तिसगावचं. बोलणं एरवी पुस्तकी, पण शेतावरच्या बायका भेटल्या की जीभ लगेच माहेरी जायची. नजर मात्र कुठंही गेल्या तरी जमिनीवरच. शेवगावला एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मंगल कार्यालयाच्या हिरवळीवर मॅडम पैठणी सावरत खाली बसल्या आणि बोटांनी काहीतरी चाचपू लागल्या. नवरदेवाच्या मावशीला वाटलं, बाईंच्या कानातलं पडलं. त्याही बसल्या. त्यांचं बघून आणखी बायका बसल्या. अक्षता पडल्या तेव्हा वरपक्षाची अर्धी बायकामंडळी गवतात हात घालून होती. मॅडमना पत्ताच नाही. त्या मान वर करून मला म्हणाल्या, "अहो, या लॉनमध्ये माळावरचं मारवेल गवत उगवलंय! कुणी लावलं असेल?" मावशींचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

असा हा विषय बंद होणार अशी आवई उठली, तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. विषय ऐच्छिक होता आणि मुलांचा ओढा ऊस, दूध आणि शेडनेटकडे. ठेवायचा की काढायचा, हे ठरवायला बाहेरून एक समिती येणार होती. मॅडमची सगळी मदार विभागामागच्या प्लॉटवर. पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी अशा माळावरच्या गवतांचे वाफे, प्रत्येक वाफ्याला पत्र्याची पाटी. कितीतरी वर्षं त्यांनी मुळासकट ठोंब आणून आणून ती गवतं जगवली होती.

समितीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मागे गेलो आणि जागीच थांबलो. प्लॉट अंगणासारखा लख्ख. पाट्या लिंबाखाली नीट रचून ठेवलेल्या. खुरपणाऱ्या बायका कडेला उभ्या होत्या. त्यांची मुकादम बाई कौतुकाच्या अपेक्षेनं पुढं आली.

"मॅडम, पाव्हनं येनार हायेत म्हनून शेतावरच्या नव्या सायबांनी मागचं गवत काढाय सांगितलं. काल सांच्यापत्तुर खपलो बगा. एक काडी ठिवली न्हाई!"

मॅडमनी खाली बसून त्या मोकळ्या मातीवर हात फिरवला. डोळे भरले होते, ते मी पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "लई राबलात गं बायांनो. च्या घेतल्याबगार कुनी जायचं न्हाई."

मी चिडून म्हणालो, "अहो, चहा कसला पाजताय?"

"त्यांचं काय चुकलं? पीक नसेल ते उपटा, असं तुम्ही-आम्हीच सांगत आलोय ना?"

समिती आली. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "प्लॉट कुठाय?"

"हाच, साहेब."

"इथं तर काहीच नाही."

"काल होतं. उत्तम चारा होता. कृषी विद्यापीठात, विभागाच्या भिंतीला लागून, नावाच्या पाट्या लावलेल्या असून तो तण म्हणून उपटला गेला. मग बाहेर माळावर त्याचं काय होत असेल? आणि त्याच्यावर जगणाऱ्या काळविटांचं? विषय बंद करा, माझी हरकत नाही. पण मग हे सांगायला कुणी उरणार नाही, एवढं लिहून ठेवा."

अध्यक्षांनी विचारलं, "माळ किती लांब आहे?" जीप काढली. त्या दिवशी काळविटांचा अख्खा कळप दिसला. परतताना अध्यक्ष पँटीतली कुसळं वेचत बसले होते आणि वेचता वेचता म्हणाले, "राहू द्या हा विषय."

उपटलेल्यातले बरेच ठोंब बांधावर टाकले होते, ते त्याच बायकांनी परत लावून दिले. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी मूळ धरलं. विषय घेणारी मुलंही वाढली. मॅडमच्या वर्गाला बसायला मिळावं म्हणून चढाओढ लागली.

यंदा त्या निवृत्त झाल्या आणि मुलीकडे नाशिकला गेल्या. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. तोवर तो विषय शिकवायला माझ्याकडे दिला. हो, माझ्याकडेच. त्यांना फोनवर सांगितलं, तेव्हा त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

पहिल्या तासाला गेलो तर वर्ग भरलेला. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मॅडम कधी येणार?"

"मॅडम निवृत्त झाल्या."

"मग आम्हाला कोण शिकवणार?"

"मी."

सगळ्यांचे चेहरे एकदम उतरले. खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, मॅडमसाठी मला फार बरं वाटलं.