मुठीतला स्फटिक

ओमेश्वरी पटले रागावली की भांडी घासते. त्या दिवशी तिने प्रयोगशाळेतली काचेची सगळी चंचुपात्रं घासली, तरी राग काही उतरेना.

गोंदियाच्या एका कॉलेजात ती चौदा वर्षं सहायक. लँथॅनम नावाच्या दुर्मिळ धातूचा आणि बोरॉनचा जांभळा स्फटिक, तांदळाच्या कणीएवढा, ग्रीसच्या टिपक्याने चकतीवर चिकटवायचा, द्रव नायट्रोजनने गारठवायचा आणि परत तापताना तो किती उष्णता घेतो ते मोजायचं. नायट्रोजनचं कॅन ती गुरांच्या दवाखान्यातून भरून आणी, तिथे तो कृत्रिम रेतनासाठी लागतो. तिची एक शिस्त होती: दर वेळी आधी नुसतं ग्रीस मोजायचं, मग स्फटिक. ग्रीसही उष्णता खातं, ती वजा केल्याशिवाय स्फटिकाचं खरं कळत नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख रहांगडाले सर, त्यांना एवढा दम कुठला! ते ग्रीस वर्षातून एकदा मोजत आणि तेच आकडे वर्षभर वजा करत. एकदा त्यांनी ग्रीस नेहमीपेक्षा चांगलं जाड थापलं आणि उणे पन्नास अंशांपाशी आलेखाला फुगवटा आला. झालं, सरांना शोध लागला! देवरीच्या जंगलपट्ट्यातल्या आदिवासी गावची रीता कुंभरे त्यांच्याकडे पीएचडी करत होती. तिने ओमेश्वरीच्या शिस्तीने मोजलं होतं, तिच्या आलेखात फुगवटा नव्हता. त्या दिवशी सरांनी तिचे तीन वर्षांचे कागद टेबलावर आपटले.

"जंगलातून येतात अन् मोजायला बसतात! फुगवटा आला तरच प्रबंधावर सही मिळेल."

आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून!

रीताने पिशवी भरली. "बाई, मी गावाले जाऊन राहिली."

"कायले? चुकली तू का तो? उद्या दुपारपर्यंत थांब."

दुसऱ्या दिवशी ओमेश्वरीने सरांसारखंच जाड ग्रीस थापलं, संगणकाला त्यांचेच जुने आकडे वजा करायला लावले आणि यंत्र सुरू केलं. दुपारी सर आले, तेव्हा पडद्यावरची रेघ उणे पन्नासपाशी टम्म फुगली होती.

"देखो! आला की नाही? रीता, पाहा, असं मोजतात!"

ओमेश्वरीने मूठ उघडली. तळहातावर जांभळी कणी होती.

"स्फटिक तं सकाळपासून माह्याजवळ आहे, सर. आत नुसतं ग्रीस आहे."

सर खुर्चीत बसले. चौदा वर्षांत तिने त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, आज चढवला.

"पोरीचे तीन वर्सं आपटले तुमी या टेबलावर. आता उचला ते कागद, अन् करा सही."