तानियोसचा ढोल

तानियोसचे हात मी कधी जागेवर राहिलेले पाहिले नाहीत. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवायचा त्याचा धंदा. गिऱ्हाईक भावासाठी घासाघीस करत असलं, की हा चौकटीवर बोटांनी ताल धरायचा. माझ्या बेकरीच्या फळीवर, गाडीच्या टपावर, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकाच्या पाठीवरसुद्धा. त्याची बायको ओडेट घरातून ओरडायची, "तानियोस, पुरे झालं वाजवणं." लग्न झाल्यापासून ती हेच सांगत आली होती, आणि हा ऐकणाऱ्यातला नव्हता.

सनौबर ही आमच्या डोंगरउतारावरच्या वस्तीची बास्केटबॉल टीम. बैरूतच्या भल्याभल्यांना तिनं पाणी पाजलेलं. हॉलमध्ये खेळाडूंच्या बाकाच्या बरोबर वर कठड्याला तानियोसचा ढोल बांधलेला असायचा. तीन ठोके पडल्याशिवाय कोणी घोषणा द्यायची नाही, अशी आमची रीत. पहिले दोन लागोपाठ, तिसरा जरा रेंगाळून. ही रीत कोणी पाडली देव जाणे, पण ती मोडायची कोणाची टाप नव्हती.

मग सिमेंटचा एक व्यापारी क्लबचा अध्यक्ष झाला. अध्यक्ष म्हणून सगळे त्याला रईस म्हणत. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि हौस मात्र दांडगी. परदेशी खेळाडू यायचे, बॅग उघडायच्या आत परत जायचे. एका हंगामात तीन कोच झाले. चौथा आला वाकिम, आमचाच जुना कप्तान, तेव्हा लोकांना जरा धीर आला. पण वाकिमच्या हाताखालीही जिंकत आलेले सामने शेवटी हातचे जायला लागले. चांगला खेळणाराच नेमका बाहेर बसवलेला असायचा, आणि का ते कोणाला समजेना. लोक चिडले आणि "रईस, घरी जा" सुरू झालं. तेही अर्थात तानियोसच्या ठोक्यांवर.

क्लबचा मॅनेजर रोनी तानियोसच्या दुकानात आला, तेव्हा मी तिथंच होतो. बस म्हणायच्या आत तो बसला.

"ढोल तुझा आहे, पण दार आमचं आहे," तो म्हणाला. "लोकांनी रईसचं नाव घेतलं की तू लग्नात नाचतात ती दब्के वाजवायचीस. दणकून. शब्द ऐकू येता कामा नये."

"आणि नाही वाजवली तर?"

"तर ढोल घरी ठेवून ये."

तो गेल्यावर मी म्हणालो, त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं होतंस. तानियोस उसळलाच. "तुला बोलायला काय जातं? तू रोट्या भाजतोस. मला ढोलाशिवाय तिथं कोण ओळखतं?" त्याला भीती वाटत होती आणि ती लपवायचीही त्यानं तसदी घेतली नाही.

पुढच्या सामन्यात त्यानं दब्के वाजवली. लोक घसा फोडून ओरडत होते आणि नुसती तोंडं हलताना दिसत होती. आम्ही हरलो ते हरलोच. दुसऱ्या दिवशी माझ्या बेकरीत रांगेतल्या एकानं त्याला विचारलं, "काय रे, रईसच्या घरी लग्न कोणाचं आहे?" सगळे हसले. तानियोस मनकुशेची रोटी न घेताच निघून गेला.

त्यानंतरच्या सामन्याला तो आला, त्यानं ढोल बांधला आणि खाली बसला. वाजवेना. आम्ही वाट पाहत राहिलो. सवय मोठी वाईट, कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. भाजलेल्या बिया फोडणारेही थांबले. बुटांचं करकरणं आणि बॉलचा आवाज, बाकी काही नाही. रोनी खालून त्याला हातवारे करत होता. तानियोसनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते आणि त्याचे खांदे तालावर हलत होते.

तेवढ्यात रोनीचा फोन वाजला. तो वाकिमजवळ गेला आणि रोजच्यासारखाच मोठ्यानं बोलला. ढोलाच्या आवाजाखाली ते बोलणं आजवर कोणाला ऐकू गेलं नव्हतं.

"रईस म्हणतायत, त्यांच्या भाच्याला आत घे."

"त्याला धड पळता येत नाही," वाकिम म्हणाला. "आणि आपण पुढे आहोत."

"मग तू घरी जा."

सगळ्या हॉलनं ऐकलं. वाकिमनं हातातली पाटी खुर्चीवर ठेवली आणि तो चालता झाला. त्यानंतर मात्र ठोक्यांसाठी कोणी थांबलं नाही. असा गदारोळ उठला की सामना बंद करावा लागला.

तुम्हाला वाटेल, रईस गेला. कसला जातोय. वाकिम दुबईला गेला, भाचा खेळत राहिला आणि सनौबर तळाला जाऊन बसली. तानियोसला दारावरच अडवलं. पहारेकरी आमच्याच गल्लीतला. मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही या काका, ढोल नको. वरून हुकूम आहे." तानियोस ढोल घेऊन घरी आला, तो पुन्हा गेला नाही.

एका रविवारी मी त्याच्याकडे टीव्हीवर सामना पाहत बसलो होतो. ओडेट आत कुसाच्या भाजीत भात भरत होती. टीव्हीत हॉल निम्मा रिकामा दिसत होता. हा नेहमीसारखा खुर्चीच्या हातावर बोटं बडवत होता. अचानक टीव्हीतून तीन ठोके आले. दोन लागोपाठ, तिसरा रेंगाळून. कुठल्यातरी जुन्या सामन्यातले रेकॉर्ड केलेले ठोके क्लबनं हॉलच्या भोंग्यावर लावले होते. एकाही माणसानं घोषणा दिली नाही. ठोके पुन्हा आले, पुन्हा आले.

मी तानियोसकडे पाहिलं. त्याचे हात मांडीवर पडून होते, उताणे, अगदी स्थिर.

"तानियोस, पुरे झालं वाजवणं," ओडेट आतून ओरडली.

"मी नाही वाजवत," तो म्हणाला.