टोक घासलेली पिपेट

सत्तरच्या दशकात मंगरूळपीरजवळच्या एका खेड्यात, दूध केंद्रावर मी फॅट तपासायचो. राहायलाही केंद्रामागचीच खोली. गावाला मी 'साहेब', आणि साहेबाशी कोण कशाला बोलतंय! एक बाई तेवढी भाऊ म्हणायची. तिची एकच म्हैस. बरणी टेकवताना रोज विचारायची, "जेवले का भाऊ?" खोटं कशाला बोलू, त्या एका प्रश्नासाठी मी सकाळची वाट पाहायचो.

एकदा धुताना पिपेटचं, म्हणजे दूध मापून ओढायच्या काचेच्या नळीचं, टोक उडालं. नवी मागायची तर वर अर्ज करा, त्यांची बोलणी खा. मी टोक पाट्यावर घासून गुळगुळीत केलं आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

त्यानंतर सगळ्यांचीच फॅट जराशी उतरली. बाकीच्यांचं निभावलं. तिचं दूध मुळातच जेमतेम सहाच्या रेघेवर असायचं, ते खाली आलं. सहाखालचं दूध घ्यायचा नियम नव्हता; दोन दिवस मी चालवून घेतलं. लॅक्टोमीटर ठीक, म्हणजे पाणी नाही. तिसऱ्या दिवशी मी भर रांगेत ओरडलो, "साय काढून आणता काय हो?"

रांग हसली. ती म्हणाली, "माह्या दुधाले काहून नावं ठेवता भाऊ? तुमची नळीच खोटं बोलून राह्यली." माझं डोकं फिरलं. दूध परत केलं. ती पुन्हा आली नाही.

तिचं बोलणं मात्र डोक्यातून जाईना. शेवटी अर्ज केला. महिन्याभराने नवी पिपेट आली, तेव्हा दोन्हींतलं पाणी सोनाराच्या काट्यावर तोललं. एकदा नाही, पाचदा. जुनीतलं दरवेळी कमी भरलं. टोकाबरोबर मापही घटलं होतं, तपासणीत दूध कमी पडायचं म्हणून फॅटही कमी दिसायची, आणि ते या शिकलेल्या गाढवाला कळलं नव्हतं.

तसाच तिच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. तिने पाणी दिलं.

"मले कायले सांगता भाऊ? मले तं मालूमच होतं. त्या रांगेले सांगा."

"उद्या सांगतो," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रांग लागली. सांगितलं तर कमी फॅटपायी बुडालेले पैसे मागत सगळेच उसळतील, नोकरीवर येईल, ही भीती. दूध ओढायला पिपेट तोंडात धरावी लागते. एकाचं झालं की लगेच दुसऱ्याचं ओढत राहिलो, तोंड मोकळं होऊच दिलं नाही.

बदली होईपर्यंत मी साहेबच राहिलो. जेवलो का, हे त्या गावात पुन्हा कुणी विचारलं नाही.