जावकताईंची आडवी रेघ

आमच्या फुटबॉल क्लबच्या उत्तर स्टँडखाली, पायऱ्यांच्या पोटात, एक खोली आहे. तिचं छत तिरकं आहे. दाराशी माणूस सरळ उभा राहू शकतो, टेबलापाशी मान वाकवावी लागते आणि पलीकडच्या भिंतीशी फक्त फायलींची कपाटं मावतात. गेली एकतीस वर्षं या खोलीत बसून जावकताई क्लबची आवक-जावक सांभाळतात. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे. मैदानात ते कुणाला सांगितलं तर 'कोण त्या?' असं विचारतील. मी याच क्लबचा कार्यालयीन व्यवस्थापक. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. त्याआधी दोन-तीन गोष्टी लिहून ठेवायच्या आहेत, त्यांतली ही पहिली.

आवक-जावक म्हणजे सोपं काम, असं बाहेरच्याला वाटतं. आलेल्या पत्राला नंबर आणि तारीख, गेलेल्या पत्राला नंबर आणि तारीख, झालं. ताईंनी त्यात स्वतःची एक भर घातली होती. चाहत्याचं पत्र आलं की त्या ते दोनदा वाचत आणि दुसऱ्या वाचनात पेन्सिलीनं एकाच वाक्याखाली रेघ मारत. "माणूस चार पानं लिहितो, पण मागणं एका ओळीत असतं," असं त्यांचं म्हणणं.

ज्यांनी क्लब उभा केला ते थोरले मालक रोज दुपारी जेवण झालं की ताईंच्या खोलीत येऊन उत्तरं सांगत. त्यांची प्रस्तावना लांबायला लागली की ताई पेन खाली ठेवून विचारत, "त्यांनी विचारलंय काय?" मालक रागावत नसत. पत्र उचलून पेन्सिलीची रेघ बघत आणि मुद्द्यावर येत. आठ दिवसांच्या आत प्रत्येक पत्राला उत्तर जाई, मग ते कौतुकाचं असो की शिव्यांचं. एक गृहस्थ अकरा वर्षं दर पराभवानंतर न चुकता शिव्या लिहून पाठवत. एकदा लागोपाठ तीन सामने हरूनही त्यांचं पत्र आलं नाही, तेव्हा ताईंनी आपणहून 'प्रकृती ठीक आहे ना?' असं विचारणारं पत्र धाडलं. उत्तर आलं, डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, मजकूर बायकोला सांगितला आहे. पुढे नेहमीच्या शिव्या होत्या. "बायकोच्या अक्षरात जरा सभ्य वाटतात," असं ताई म्हणाल्या आणि त्यांनी पत्राला नंबर दिला.

त्यांचा आणखी एक नियम. रजिस्टरात किंवा पत्राच्या प्रतीत चूक झाली तर गिरवागिरव नाही, पांढरी शाई नाही, पान फाडणं तर नाहीच. चुकीवर एकच आडवी रेघ, तीही अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर मजकूर, सही आणि तारीख. हा नियम वाणिज्य शाखेत मलाही शिकवला होता. मी तो परीक्षेपुरता शिकलो. ताईंनी अंगी बाणवला.

तीन वर्षांपूर्वी थोरले मालक गेले आणि क्लब मुलाकडे आला. धाकटे मालक हुशार आहेत आणि मनानं सरळ आहेत. पत्रं तोवर आटली होती. लोक फोनवरच लिहीत. पहिलं वर्षभर धाकटे मालकही फोनवर स्वतः उत्तरं देत. सामना संपला की दोन ओळी टाकत, कुणी मैदानातल्या पंख्याची तक्रार केली तर पंख्याचा फोटो मागवत. लोकांना त्याचं अप्रूप होतं. मालक आपल्याशी बोलतो, ही साधी गोष्ट नव्हे. लिहिणारे शेकड्यांचे हजार झाले, हजारांचे लाख, आणि मग एका माणसाला ते झेपेना. या मोसमाच्या सुरुवातीला त्यांनी ते काम एका एजन्सीला दिलं. उत्तर मात्र मालकांच्याच नावानं जाई.

एजन्सीकडे अकरा ठरलेली उत्तरं होती: विजयाचं, पराभवाचं, तिकिटाचं, तक्रारीचं, वगैरे. ती यादी मी पाहिली होती आणि मला आवडली होती, हे इथं सांगायला हवं. आठ दिवसांच्या जागी चार मिनिटांत उत्तर. माझ्यासारख्या नीटनेटक्या माणसाला आणखी काय हवं? ताईंच्या टेबलाला मग काम उरलं नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून त्यांची बदली जर्सी-बुटांच्या भांडारात, असा आदेश मीच तयार केला. ताईंनी तो दोनदा वाचला. पेन्सिल हातात होती, पण रेघ मारली नाही.

"यात मला काही विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मग उत्तर नको. फक्त पोच देते."

मंगळवारी, तेवीस तारखेला सकाळी, एका चाहत्यानं मालकांना लिहिलं: 'माझे वडील गेल्या महिन्यात गेले. उत्तर स्टँडमधली रांग सात, खुर्ची एकोणीस ही त्यांची. चाळीस वर्षं ते तिथं बसले. हा मोसम संपेपर्यंत ती दुसऱ्या कुणाला देऊ नका, एवढीच विनंती.'

चार मिनिटांनी मालकांच्या नावानं उत्तर गेलं: 'व्वा, चाळीस वर्षं! तुमच्या वडिलांचा उत्साह असाच राहू दे. रविवारी त्यांना घेऊन या, सोबत दोन मित्रही आणा!'

पुढचं सांगायला नको. अकरा वाजेपर्यंत ते उत्तर गावभर झालं होतं. लोक शिव्यासुद्धा देत नव्हते, नुसते आकडे लिहीत होते. सात-एकोणीस. खाली पुन्हा सात-एकोणीस. हजारो वेळा. दुपारी चाहत्यांच्या मंडळानं जाहीर केलं की मालक स्वतः उत्तर देईपर्यंत उत्तर स्टँडमध्ये कुणी पाऊल ठेवणार नाही. रविवारी सगळे फाटकाबाहेर उभे राहतील.

मालकांच्या खोलीत एजन्सीचा माणूस आला होता. "उत्तर डिलीट करतो," तो म्हणाला. "वर एक निवेदन टाकू. तांत्रिक कारणामुळे गैरसमज झाला, आम्हाला खेद आहे. दोन दिवसांत लोक विसरतील."

मालकांनी मला विचारलं, "या माणसाचा पत्ता आहे आपल्याकडे?"

"जावकताईंकडे असेल," मी म्हणालो.

आम्ही तिघं खाली गेलो. टेबलाजवळ जाताना मालकांचं डोकं छताला आपटलं. तीन वर्षांत ते या खोलीत आले नव्हते, हे त्या छतानंच सांगितलं. ताईंनी फाईल आधीच काढून ठेवली होती. बातमी त्यांच्यापर्यंतही पोचली होती.

"बसा," त्या म्हणाल्या. "लहानपणी याच स्टुलावर बसून पाकिटांवर तिकिटं चिकटवायचात. तेव्हा जीभ वापरायचात, आता अंगठा वापरता. डोकं मधल्या मध्ये राहून गेलं बघा."

एजन्सीच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मालक मात्र डोकं चोळत निमूटपणे बसले.

फाईल त्या वडिलांची होती. ते नळदुरुस्ती करत. एकूण बावीस पत्रं. पहिल्यात त्यांनी लिहिलं होतं की सातव्या रांगेमागचा नळ गळतो, मध्यंतरात पायांखाली चिखल होतो. दुसऱ्यात लिहिलं होतं: 'आपलं उत्तर मिळालं. वाट बघवेना म्हणून कालच्या सामन्यात मीच वायसर बदलला. पहिला गोल त्यामुळे बघायचा हुकला. पुढचा गोल मी नळाशी नसताना करावा.' त्यावर थोरल्या मालकांच्या उत्तराची प्रत होती: 'संघाला तशी सूचना दिली आहे.'

मालक हसले. मग एकेक पत्र वाचत गेले आणि हसू ओसरत गेलं. बाविसावं वाचून त्यांनी फाईल मिटली.

"मला वाटलं होतं, मी लोकांशी बोलतोय," ते म्हणाले. "डिलीटच करू ते. बघवत नाही."

"नाही," ताई म्हणाल्या. "या खोलीत चुकीचा कागद फाडत नाहीत."

"पण ताई, हा कागद नाही."

"नसेना. गेलेलं उत्तर ते गेलेलं उत्तर. त्यांनी वाचलं, त्यांच्या घरच्यांनी वाचलं. तुम्ही पुसलंत तर त्यांनी काय समजायचं, स्वप्न पडलं होतं?"

"निवेदन तर टाकतोच आहोत," एजन्सीचा माणूस म्हणाला. "तांत्रिक कारण दिलंय."

"ते कारण कुठं राहतं? बोलवा त्याला, सही घेऊ त्याची."

ताईंनी त्या चुकीच्या उत्तराचा छापील कागद मालकांपुढे ठेवला आणि पेन दिलं. मालकांनी मजकुरावर आडवी रेघ ओढली. रेघ जरा वाकडी आली, पण खालचं सगळं वाचता येत होतं. मग ते खाली लिहायला लागले आणि मोठ्यानं म्हणू लागले, "आमचा क्लब हा एक परिवार असून..."

"त्यांनी विचारलंय काय?"

मालक थांबले. "खुर्ची ठेवाल का, असं."

"मग?"

"आम्ही ती ठेवू."

"आम्ही कोण? क्लबला हात असतो का लिहायला?"

शेवटी जे झालं ते साडेचार ओळींचं होतं: 'सात-एकोणीस ही खुर्ची या मोसमात कुणालाही दिली जाणार नाही. वडील गेल्याचं आपण लिहिलं होतं. ते न वाचता माझ्या नावानं उत्तर गेलं. वाचण्याचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. मला माफ करा.' खाली सही आणि तारीख. त्या कागदाचा फोटो, वरच्या चुकीसकट, मालकांनी स्वतः फोनवरच्या त्यांच्या पानावर टाकला. जुनं उत्तरही तिथंच राहू दिलं.

लोक लगेच विरघळले असं नाही. 'रविवारी बघू' असं पुष्कळांनी लिहिलं. एकानं लिहिलं, 'अक्षर सुधारा.' दुसऱ्यानं, 'शब्द चांगले आहेत, आता गोलकीपरही बदला.' त्या दोघांनाही मालकांनी स्वतःच उत्तर दिलं.

रविवारी सामन्याआधी अर्धा तास मी ताईंच्या खोलीत होतो. एकतीस वर्षांत त्यांनी एकही सामना पुरा पाहिलेला नाही. त्यांना तो छतावरून कळतो. पायांचा आवाज कसा होतो त्यावरून गोल झाला की हुकला, हे त्या बरोबर सांगतात. त्या दिवशी छत गप्प होतं. वीस मिनिटं राहिली, तरी गप्पच. ताई पेन्सिलीला टोक काढत बसल्या होत्या. एकदा काढलेलं टोक त्यांनी पुन्हा काढलं.

मग एक पाऊल वाजलं. एकच माणूस चढत होता, सावकाश. ताईंनी वर पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत पायऱ्या मोजल्या. "सातवी रांग," त्या म्हणाल्या. पाठोपाठ दुसरी पावलं आली, मग दहा, मग सगळं छत धडधडायला लागलं आणि कपाटांची दारं खणखणली. मी धावत वर गेलो. स्टँड भरला होता. एकोणीस नंबरची खुर्ची रिकामी होती आणि वीस नंबरवर पन्नाशीचा एक माणूस हाताची घडी घालून बसला होता. मैदानापेक्षा मी त्या खुर्चीकडेच जास्त वेळ पाहिलं. इतक्या वर्षांत या क्लबचा नोकर असल्याचा एवढा अभिमान मला क्वचित वाटला असेल. सामना बरोबरीत सुटला.

जाताना तो माणूस ताईंच्या दाराशी आला.

"ते उत्तर नक्की कुणी लिहिलं?" त्यानं विचारलं.

"मालकांनी."

"खरंच?"

"अक्षर बघा ना. माझं इतकं वाईट नाही."

तो हसला, मग त्याचे डोळे भरले, आणि मागचा नळ पुन्हा गळतोय एवढं सांगून तो गेला. ताईंनी त्याची आवकेत नोंद घेतली.

सोमवारी मालकांनी मला बोलावलं. एजन्सीनं लोकांचं लिहिणं गोळा करून, छापून, रोज दुपारपर्यंत ताईंच्या टेबलावर ठेवायचं. त्या रेघा मारतील. जेवणानंतर मालक तिथं बसून उत्तरं लिहितील, जमतील तेवढी. चार मिनिटांचा हिशेब संपला. आठ दिवसांचा पुन्हा सुरू झाला.

मी बदलीच्या आदेशाची प्रत घेऊन खाली गेलो. ताईंच्या समोर तिच्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी 'रद्द' लिहिलं, सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या.