ताईनं शिवलेली माणसं

ताई गंगापूरला वडिलांजवळ, आबांजवळ राहायची. आबांची एक बाजू लुळी पडल्यापासून त्यांचं सगळं तीच करत होती. मी नोकरीमुळं शहरात, उस्मानपुऱ्यात. मध्ये एसटीचा तासाभराचा रस्ता, तरी माझं जाणं दिवाळीला, नाहीतर कुणाच्या लग्नाच्या निमित्तानं.

दुपारी आबांचा डोळा लागला की ती चित्रं काढायची, एवढं मला माहीत होतं. काय काढते, हे कधी विचारलं नव्हतं. शहरातल्या एका प्रदर्शनात तिचं चित्र लागलं, तेव्हा शेजारणीला आबांपाशी बसवून ती आली आणि मला फोन केला, "येतोस का? तुझ्या घराजवळच आहे."

कॅनव्हासवर तीन माणसं होती. नाक-डोळे नव्हते, नुसते रंगांचे आकार. पण एक वाकलंय, एक त्याला टेकून बसलंय, हे कळत होतं. त्या दोघांवर आबांच्या जुन्या धोतराचं कापड बसवून तिनं वाकळीला घालतात तसे दाट धावदोरे घातले होते. एक माणूस कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, समजत नव्हतं. तिसरं कडेला, पाठमोरं. त्याच्याकडं एकच लाल दोरा गेला होता, तोही सैल, लोंबता.

ते पाठमोरं माणूस मीच, असं मला वाटलं. चारचौघांत तिनं मला असं टांगावं, याचा राग आला.

"हा मी ना?"

"नाय रे," ती पटकन म्हणाली. "आई आहे ती. तिचं लुगडं दिसत नाय का?"

खरंच, त्या पाठीवर वारलेल्या आईच्या हिरव्या लुगड्याचा काठ शिवला होता. मी तो ओळखलाही नव्हता.

"मग मी कुठंय?"

ती चित्राकडंच बघत राहिली. "तुझं मनात आलंच नाय बघ. मुद्दाम नाय रे. घरातली माणसं शिवत होते, तर..."

वाक्य तसंच सोडून तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. समजूतही तीच काढत होती. मला मान वर करवेना.

त्या संध्याकाळी मी तिच्याबरोबरच गंगापूरला गेलो. आबांना कुशीवर कसं वळवायचं, ते तिनं दाखवलं. आता बहुतेक रविवारी जातो, त्यांना आंघोळ घालतो. माझा हात लागला की ते अंग आखडून घेतात.

परवा पाठीला साबण लावताना अडखळत म्हणाले, "तिला बोलव की."

"ती झोपलीय, आबा. मीच आहे."

पाणी निवत चाललं होतं. मी घाईनं पुढचा तांब्या ओतला.