उन्हाळ्यातला वेग

कट्टा गावच्या बाजारात माझ्या ओळखीच्या एकाचे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर; तो कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून देणे, हा त्याचा खरा आनंद. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या दोनच. खोक्याच्या रंगावरून तो त्यांना तांबडो आणि निळो म्हणतो, गोठ्यातल्या बैलांसारखे.

"तांबडो मोकळो आसा, कोणीय पळवचो. निळ्याक कुलूप. महागातलो घेवा, वर मदरबोर्डय महागातलो, तेवा सुटतलो."

मी लग्नांचे व्हिडिओ करतो. महागातला निळा घेऊन गेलो, तेव्हा त्याने शिळे बांगडे आणल्यासारखे माझ्याकडे पाहिले. पण असा पळवून दिला की मी गावभर सांगत सुटलो. माणसांकडे तो फारसे बघत नाही. गिऱ्हाइकाला 'बस' म्हणण्याआधी यंत्राला पालथा हात लावून ताप बघतो.

मे महिन्यात मात्र हा गृहस्थ न बोलावता घरोघर फिरतो आणि स्वतःच वाढवलेले वेग स्वतःच उतरवतो. यंदा आला तेव्हा माझ्याकडे नऊ लग्नांचे काम पडले होते. वेग उतरवू नको म्हणून मी हात जोडले.

"उन्हाळ्यात इतको पळवचो नाय, तापता. थंडयेत परत वाढवूया."

वेग उतरवून तो दारापर्यंत गेला, मागे आला आणि तोच पालथा हात त्याने माझ्या कपाळावर ठेवला. दोन दिवस अंगात ताप होता. घरात कोणाला सांगितले नव्हते.

"तूय तापलंस रे," तो म्हणाला. मग कॉम्प्युटर बंद करून, त्याची वायर खिशात कोंबून निघून गेला.